मी आत घेते

चहाच्या बाबतीत मी खवचट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा प्रयोगशाळेच्या सवयी तेवढ्या माझ्याबरोबर घरी आल्या. पाणी किती डिग्रीला आलंय हे मी थर्मामीटर लावून बघतो. चहाची पानं काट्यावर तोलतो. कुणाच्या घरी गेलो आणि समोर उकळून उकळून काळा झालेला, साखरेनं चिकट चहा आला, की मी कपाकडे असा काही बघतो की घरची बाई घाबरून विचारते, "सर, काही पडलं का त्यात?"

माझ्याकडे हिरव्या पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. जर्नलसारखी आखलेली. डाव्या पानावर चहाचं नाव, तो कुठून आला, पाणी किती डिग्री, पानं किती मिनिटं भिजवली. उजव्या पानावर शेरे. शेऱ्यांचे दोन रकाने आहेत. एकावर लिहिलंय 'मी', दुसऱ्यावर 'विमल'. विमल माझी बायको.

हा नाद माझ्या बायपासनंतर वाढला. दोन हजार तेरा साली हैदराबादला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दूध-साखर बंद केली. बिनदुधाचाच प्यायचा तर चांगला पिऊ, म्हणून मी शोधायला लागलो आणि शोधता शोधता वाहत गेलो. दार्जिलिंगची पहिली तोडणी पोस्टानं मागवली. कांगड्याला स्वतः जाऊन आलो. एक जुना विद्यार्थी फौजेत होता, त्यानं आसामच्या टोकाहून बांबूच्या नळीत ठासून धुरावर वाळवलेला चहा पाठवला. तो सुरीनं कापून घ्यावा लागायचा आणि घरभर चुलीचा वास सुटायचा. नांदेडला हिवाळ्यात काश्मिरी शालवाले येतात. त्यांच्यातल्या एकाशी मी तीन हिवाळे ओळख वाढवली, तेव्हा कुठे त्यानं मला त्यांचा गुलाबी, खारा चहा पाजला आणि थोडी पत्तीही बांधून दिली. लोह्याजवळच्या एका शेतात विद्यार्थ्याच्या आजीनं तरवडाच्या पिवळ्या फुलांचा चहा केला. तो मी पूर्ण प्यायलो आणि मग त्या म्हातारीला समजावून सांगितलं, की ज्यात चहाच्या झाडाची पानं नाहीत त्याला चहा म्हणता येत नाही, काढा म्हणायचं. गवती चहालाही हाच न्याय. म्हातारी म्हणाली, "बरं बाबा. काढा तर काढा. आणखी घेतोस का?"

विमल या दौऱ्यांवर कधी आली नाही. "तुम्ही जाऊन या, आल्यावर सांगा," म्हणायची. पण चव घेण्याचा कार्यक्रम घरी व्हायचा आणि त्यात तिचा वाटा ठरलेला असायचा. रोज सकाळी दहा वाजता. ही वेळ तिनंच ठरवली होती. मी दोन कप भरायचो, ती तिचा कप उचलायची, नाकाशी धरून क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "मी आत घेते."

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्यासारख्या घरांतल्या बायका चहा आतच घेतात. सासू-सासऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर कोण बसणार? सगळ्यांना देऊन झालं की उरलेला कप स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. माझी आई होती तोवर विमल आत घ्यायची. आई गेली, सवय राहिली, असं मी धरून चाललो होतो.

"कसा लागला गं?" मी बाहेरून विचारायचो.

"थांबा, सांगते," आतून उत्तर यायचं. मग दोन मिनिटांनी ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि शेरा सांगायची. "पावसात भिजलेल्या कडब्यासारखा वाटतोय." "ह्याला काही चवच नाही, गरम पाणी नुसतं." "हा गोड हाय, साखर न घालता." मी लिहून घ्यायचो. माझ्या रकान्यातले शेरे लांबलचक आणि पुस्तकी असायचे. तिचे एका ओळीचे. मनातून मला वाटायचं, बाईला चव बेताची आहे, पण प्रामाणिक आहे.

एकदा निलगिरीच्या हिवाळी चहाला ती म्हणाली, "वगरु लागतोय."

"वगरु म्हणजे?"

"तुरट. जिभेला धरतो असा."

"हा कुठला शब्द?"

"कुठला म्हणजे? आपलाच."

विमल नांदेडची. तिच्या माहेरी गुरुद्वाऱ्याच्या परिसरामुळे पंजाबी कानावर पडायची, उर्दू पडायची. हा शब्द मी तिच्या तोंडून लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. मी रकान्यात 'वगरु' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. वर्गात पोरांना मी घसा फोडून सांगायचो, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. घरात मी प्रश्नचिन्ह काढून मोकळा झालो.

या वर्षी फेब्रुवारीत विमलचं पोट दुखायला लागलं. मार्चमध्ये कळलं की स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती पसरलेली आहे. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन महिने, फार तर तीन. मी विचारलं, पथ्य काय? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता पथ्य काही नाही, सर. त्यांना जे आवडेल ते खाऊ-पिऊ घाला."

आमची मुलगी मुग्धा नांदेडला असते. ती रजा टाकून आली. विमलचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत हलवला, कारण तिला माणसं दिसावीत. मी माझ्या परीनं एकच करू शकत होतो. कपाटातले सगळे डबे मी खाली काढले. जे मी खास दिवसासाठी राखून ठेवलं होतं, ते रोज एकेक करून तिला पाजायचं मी ठरवलं. खास दिवस आता कुठले उरले होते?

पहिल्या दिवशी कांगड्याचा केला. तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला. तिनं कप उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि परत ठेवला.

"घे ना. निवेल."

"ठेवा. घेते मी. तुम्ही आंघोळ करून घ्या."

मी आंघोळ करून आलो, तर शरणम्मा पलंगापाशी फरशीवर बसून, तोच कप बशीत ओतून, फुर्र फुर्र पीत होती.

शरणम्मा आमच्याकडे धुणंभांडी करते. निलंग्याकडची, कर्नाटकाच्या वेशीवरच्या गावची. अकरा-बारा वर्षांपासून रोज साडेनऊला येते आणि साडेदहाला जाते. तिच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी माझं डोकं सणकलं.

"शरणम्मा! लाज नाही वाटत? आजारी माणसाच्या तोंडचा चहा पितेस?"

तिनं बशी खाली ठेवली. विमलकडे पाहिलं. विमलनं मान हलवली, नको म्हणून. माझ्या ते लक्षात आलं आणि मी आणखीच चिडलो.

"न्हाई काकू," शरणम्मा उठून उभी राहिली. "इतके दिवस तुमच्या शब्दाखातर गप बसले. आता चोरीचं नाव लावून घेणार न्हाई म्या." मग माझ्याकडे वळली. "सर, काकू चहा पीत न्हाईत. तुम्हाला म्हाईत न्हाई? अकरा वर्षं झाली, काकूंचा चहा म्याच पिऊन राहिले. ते नळीतलं धुराचं पाणी म्या पिले. ते गुलाबी खारटबी म्याच पिले, दिवसभर मळमळलं मला. तुम्ही बाहेरून इचारायचं, काकूंनी मला इचारायचं आन् म्या सांगायचं, कसं हाय ते."

मुग्धा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला त्या क्षणी, का कोण जाणे, तो शब्द आठवला.

"वगरु," मी म्हणालो.

"तुरटाला आमच्याकडं वगरु म्हणतात वो, सर," शरणम्मा म्हणाली. तिचा राग उतरला होता. कप-बशी उचलून ती आत गेली.

मी विमलच्या पलंगावर बसलो. तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. मी विचारलं, का? ती भिंतीकडे बघूनच सांगायला लागली.

"तुम्हाला आत नेलं, हैदराबादला, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसले होते. सहा तास झाले, कुणी काही सांगून नाही राहिलं. एक पोरगा चहाची किटली घेऊन आला. माझ्या हातात कप दिला. मी तोंडाला लावणार, तेवढ्यात मनात आलं की माहूरच्या आईला काहीतरी बोलावं. पण द्यायला होतं काय माझ्याकडे? साडीचोळी तर सगळ्याच बोलतात. मला एकच गोष्ट लई आवडायची. मी म्हटलं, आई, ह्यांना बाहेर आण. हे आहेत तोवर मी चहा पिणार नाही. कप खाली ठेवला. अर्ध्या तासात डॉक्टर आले, झालं म्हणाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही वाद घातला असता. तुमचं नुकतं काळीज उघडून शिवलेलं, त्यात वाद कुठं घालता?" ती थोडी हसली. "आणि घरी आल्यावर तुम्हीच चहाचं खूळ घेतलं. रोज नवा डबा. मग मी शरणम्माला हाताशी धरलं. तुम्हाला इतका आनंद व्हायचा वहीत लिहिताना. मला वास पुरायचा."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तिनं काय सोडलं ते कळणार नाही. चहा मला विमलनं लावला. आमच्या घरी वडिलांच्या लेखी चहा म्हणजे व्यसन. मी बी.एस्सी. होईपर्यंत दूध प्यायलेला माणूस. विमल मात्र चार वर्षांची असल्यापासून बशीतून चहा प्यायची. माहेरी तिला चहाबाज म्हणायचे. तिचे वडील म्हणायचे, हिला चहाचा मळा असलेल्या घरात द्यायला पाहिजे. आणि ती पडली आमच्या घरात. लग्नानंतर दुपारी वडील झोपले की ती आलं ठेचून, खमंग उकळून चहा करायची आणि आम्ही दोघं गच्चीवर एकाच बशीतून प्यायचो. माझ्या सगळ्या शौकाचं मूळ ती बशी आहे. वहीत मी तिचा उल्लेख कुठेही केलेला नाही.

दोन दिवस मी विमलशी भांडलो. हो, आजारी बायकोशी भांडलो. माझं हृदय सर्जननं शिवलं, तुझ्या न प्यायलेल्या चहानं नाही, म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. "पण अकरा वर्षं टिकलं ना?"

"डॉक्टर म्हणतात, आवडेल ते द्या. तुला प्यावासा वाटत नाही?"

ती छताकडे बघत राहिली. "शेजारच्या पाच वाजता आलं ठेचतात. इथं पलंगावर पडल्या पडल्या आवाज येतो. ठक ठक ठक. तेव्हा लई वाटतो."

"मग पी की! एक घोट!"

"आणि तुम्हाला काही झालं तर? मी जाऊन राहिलेच आहे. जाता जाता तुमचं नुकसान करून जाऊ?"

रसायनशास्त्रात या प्रश्नाला उत्तर नाही. मला तिचा भयंकर राग आला आणि मला भयंकर रडू आलं. मी आत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

शरणम्मा भांडी घासत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "सर, आमच्या गावाकडं बदली देतात."

"काय देतात?"

"नवस. बोलणारा म्हातारा झाला, आजारी पडला, की घरातलं दुसरं माणूस उचलतंय. ज्या देवाला बोलला तिथं जाऊन सांगायचं, ह्यांचं सुटू दे, म्या धरतो. मग त्यो मोकळा."

"आणि देवी मानते?"

"आता ते तुम्हीच जाऊन इचारा की वो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडची बस पकडली. विमलला सांगितलं, जावयाकडे काम आहे, दोन दिवसांत येतो. मुग्धाला खरं सांगितलं.

बसमध्ये माझ्या मनात जे आलं ते लिहून ठेवतो, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. लोक काशीला जाऊन आवडती वस्तू सोडतात तेव्हा कसे कारलं सोडतात, दुधी सोडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अहमदपूर येईपर्यंत मी तसल्याच वाटा शोधत होतो. फक्त दुधाचा चहा सोडला तर? तो तर मी तसाही पीत नाही. फक्त हिरवा सोडला तर? किंवा मीच लावलेला न्याय वापरला तर? ज्यात चहाचं पान नाही तो चहा नव्हे, म्हणजे गवती चहा मोकळा, तरवड मोकळा. एकसष्ट डबे घरात होते. माझी बायको मरणाच्या दारात होती आणि मी मनातल्या मनात डबे वाचवत होतो. लोह्याच्या पुढे कधीतरी मला स्वतःची शिसारी आली आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

माझा शेवटचा चहा कसा व्हावा, हेही मी ठरवलं होतं. पिशवीत थर्मास, थर्मामीटर आणि दार्जिलिंगची पुडी होती. माहूरला पायऱ्यांच्या खाली निवांत बसून, व्यवस्थित तीन मिनिटं भिजवून घ्यायचा, असा बेत. पण रात्री जावई अनिमेषकडे मुक्काम करून सकाळी नांदेडच्या स्टँडवर आलो आणि गाडीची वाट बघताना टपरीवाल्यानं पुढे केलेला कागदी कप नकळत हातात घेतला. साखरेचा, दुधाचा, माझ्या लेखी गुन्हा असलेला चहा. दोन घोट झाले आणि माहूरची गाडी लागली. कंडक्टर ओरडला. मी उरलेला चहा नालीत ओतला आणि धावलो. गाडीत बसल्यावर, माणसांना जागा देत-घेत, पिशवी मांडीवर धरून, मी थर्मास विसरूनच गेलो. माहूरला उतरलो ते थेट पायऱ्यांकडे निघालो. ते दोन घोट हाच माझा शेवटचा चहा ठरला.

पायऱ्या चढायला मला पाऊण तास लागला. वर गर्दी बेताची होती. पुजाऱ्याला मी आडवळणानं विचारायला लागलो, की समजा एखाद्या बाईनं अमुक बोललं असेल आणि तिचा नवरा... त्यानं मला मध्येच थांबवलं.

"मास्तर आहात का?"

"होतो."

"सरळ बोला देवीशी. बायकोचं नवरा उचलत असेल तर देवी काय वजनकाटा घेऊन बसलीय का?"

मला देवाशी बोलायची सवय नाही. त्यामुळे मी वर्गात बोलतो तसा बोललो, मुद्देसूद. विमलनं अकरा वर्षं चहा सोडला, तो आता तिला परत मिळावा. तिच्याऐवजी मी सोडतो. चहा म्हणजे कोणता, ते स्पष्ट करतो. दुधाचा, बिनदुधाचा, हिरवा, पांढरा, काळा, धुराचा, खारा. गवती चहासुद्धा. तरवडाचा काढासुद्धा. मी आहे तोवर. एवढं बोलून झाल्यावर मला आणखी काहीतरी मागायचं होतं, ती बरी व्हावी असं. पण त्यासाठी द्यायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. हैदराबादच्या बाकड्यावर तिला काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं. पुजाऱ्यानं हातावर कुटलेला तांबूल ठेवला. तो मी रुमालात बांधून घेतला.

रात्री पुन्हा अनिमेषकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. विमलला तांबूल दिला. तिनं वास घेतला आणि तिला सगळं कळलं.

"माहूरला गेला होतात."

"हो."

"काय बोललात?"

मी सांगितलं. ती उठून बसायला धडपडली. मुग्धानं तिला आधार दिला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?" ती रडायला लागली. "तुमचं दुसरं हाय काय आयुष्यात? ती वही, ते डबे..."

"तू आहेस," मी म्हणालो. बेचाळीस वर्षांच्या संसारात असं वाक्य मी कधी बोललो नव्हतो. मुग्धा खिडकीबाहेर बघायला लागली.

"आता बोललोय ते बोललोय," मी म्हणालो. "आता तू नाही प्यालीस, तर दोघांचाही चहा गेला. फुकट गेला. बोल, कुठला करू? दार्जिलिंग आहे, पांढऱ्या कळ्यांचा आहे..."

तिनं डोळे पुसले. "आपला करा. आलं घालून. दुधाचा. उकळून."

मी स्वयंपाकघरात गेलो. थर्मामीटर नव्हता, तो पिशवीत बाहेरच राहिला होता, आणि तो आणावासा वाटला नाही. खलबत्ता शोधला. आलं ठेचायला घेतलं तेव्हा नेमके पाच वाजत होते आणि शेजारूनही तोच आवाज सुरू झाला. पत्ती टाकली, साखर टाकली, दूध टाकलं, दोनदा वर येऊ दिलं. मग माझ्या लक्षात आलं, की हा चाखून बघता येणार नाही. साखर बरोबर आहे का, आलं उतरलंय का, मला कळायला मार्ग नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी चहा नुसत्या भरवशावर गाळला.

बाहेर नेला. बशीत ओतून तिच्या हातात दिला. तिला बशी पेलेना, म्हणून मीही ती खालून धरली.

"असे बघू नका माझ्याकडे," ती म्हणाली.

मी नजर खाली केली. घोटाचा आवाज ऐकला. मला राहवेना.

"कसा झालाय गं?"

"थांबा, सांगते," ती म्हणाली. पण या वेळी ती आत गेली नाही. तिथंच बसून तिनं दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि बशी रिकामी केली. "साखर कमी झाली. आलं लई झालं. आणि आणखी एक उकळी पाहिजे होती."

"म्हणजे बिघडला."

"मी कुठं बिघडला म्हटलं?" तिनं कपाकडे बोट केलं. "अजून ओता."

मी वही आणली. 'मी' रकान्यात रेघ मारली. 'विमल' रकान्यात लिहिलं, साखर कमी, आलं जास्त, एक उकळी हवी.

त्यानंतर ती सव्वीस दिवस होती. सकाळ-संध्याकाळ मी चहा केला. तिनं रोज काहीतरी खोट काढली आणि मी लिहून घेतली. पंधरा दिवसांनी साखर जमली. विसाव्या दिवशी ती म्हणाली, "आज जमला. माझ्या बाबांसारखा." शेवटचे चार दिवस तिला गिळता येत नव्हतं, तेव्हा मी बोटानं तिच्या ओठांवर लावला. शेवटचा शेरा तिनं बोलून दिलाच नाही, नुसती जीभ ओठावरून फिरवली. मी ते तसंच लिहिलं आहे.

दहाव्याला माणसं भेटायला आली. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. पलंग काढला होता. मुग्धानं सगळ्यांना चहा दिला आणि माझ्याही पुढं ट्रे धरला. मग तिला आठवलं आणि तिचा हात थांबला. कॉलेजमधले माझे जुने सहकारी माणिकप्पा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "बापूसाहेब, घ्या. दोन घोट घ्या. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही, आणि तुम्ही तर चहाचे दर्दी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ट्रेमधला कप उचलला, नाकाशी धरला. आलं बरोबर उतरलं होतं.

"मी आत घेतो," मी म्हणालो.

कुणाला काही वावगं वाटलं नाही. माणिकप्पा मान डोलावून पुन्हा बोलायला लागले. मी कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ओट्याला टेकून शरणम्मा उभी होती. तिनं काही न विचारता हात पुढे केला.